घमेल्याखालची ऊब: पन्नास पिल्लांसाठी घरगुती ब्रूडर

आमच्या निफाड तालुक्यातली जानेवारीची थंडी म्हणजे चेष्टा नाही. पारा चार-पाच अंशांवर उतरतो, द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशाच एका जानेवारीत मी पहिल्यांदा कोंबडीची पिल्लं आणली. पन्नास नग, एका दिवसाची. द्राक्षाचे पुठ्ठ्याचे खोके कापून चौकोन केला, वर शंभरचा बल्ब लोंबवला, ऊब निसटू नये म्हणून वरून गोधडी टाकली आणि निर्धास्त झोपले. पहाटे गोधडी उचलली तर एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग. वरची जिवंत, खालची चपटी झालेली. अकरा गेली होती.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. "कोंबडी कधी चौकोनी पाह्यलीस का तू?" एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

त्या दिवसापासून ब्रूडरचा, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या जागेचा, विचार मी कोंबडीवरून करते. अंगणात पिल्लं घेऊन फिरणारी कोंबडी आठवा. ती अंगण तापवत नाही. तिच्या पोटाखाली ऊब असते, बाकी सगळीकडे गारवा. पिल्लं बाहेर येतात, टोचतात, पाणी पितात, गार वाटलं की पळत पंखाखाली शिरतात. किती ऊब हवी ते पिल्लू ठरवतं. माझ्या खोक्यात त्यांना जायला दुसरी जागाच नव्हती. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण खोकं तापवू नका. एक जागा तापवा आणि तिच्याभोवती गार जागा सोडा.

पिल्लांना ऊब लागते ती का

अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. स्वतःचं तापमान धरून ठेवायला त्याला काही आठवडे लागतात. तोपर्यंत ऊब बाहेरून द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश सेल्सिअस, दुसऱ्यात ३० ते ३२, तिसऱ्यात २७ ते २९, चौथ्यात २४ ते २६. म्हणजे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत यायचं. हे आकडे उबेच्या जागेचे, तेही पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर मोजलेले. खोलीचं तापमान भिंतीवर टांगलेल्या थर्मामीटरवर बघून काही कळत नाही.

पिल्लू जन्मतःच डबा घेऊन येतं. अंड्यातला उरलेला बलक त्याच्या पोटात असतो आणि त्यावर ते दोन-तीन दिवस काढू शकतं. म्हणूनच हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्यांकडून, पिल्लं एसटीने, टेम्पोने दूरवर जाऊ शकतात. पण प्रवासात गारठलेलं पिल्लू तो बलक नीट पचवू शकत नाही आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मरतं. आपण मग औषधं शोधत बसतो. पहिल्या आठवड्यातल्या मरतुकीचं मूळ पुष्कळदा पहिल्या रात्रीच्या थंडीत असतं.

जागा आणि रिंगण

ब्रूडर घराच्या विटांच्या खोलीत करा. आमच्याकडच्या थंडीत चारही बाजूंनी जाळी असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोनशे वॅटचे बल्ब पुरत नाहीत, मी करून पाहिलंय. खोलीला दार नीट लागणारं हवं, जमिनीलगत वारा नको, पण छताजवळ हातभर तरी उघडं हवं. हवा वरून खेळली पाहिजे. खिडकीला पोतं लावायचं तर ते खालून वर बांधत न्या आणि वरचा भाग मोकळा सोडा. खोलीत शिरल्याबरोबर डोळे चुरचुरले तर समजा अमोनिया साचलाय. आपल्याला उभ्याने जे जाणवतं त्याच्या कितीतरी जास्त पिल्लांना खाली सोसावं लागतं.

रिंगणाला पोल्ट्रीवाले चिक गार्ड म्हणतात. गोल असतं, म्हणजे कोपरा नाही आणि कोपऱ्यात ढीग नाही. दीड फूट उंचीचा आणि २० फूट लांबीचा सपाट जस्ती पत्रा आणा. कडा हाताला लागतात, म्हणून दुकानातूनच दुमडून घ्या. सुरुवातीला ४ फूट व्यासाचं रिंगण करा. त्यासाठी साडेबारा-तेरा फूट पत्रा लागतो, उरलेला एकावर एक सरकवून मोठ्या क्लिपा लावायच्या. पाचव्या-सहाव्या दिवशी क्लिपा काढून ६ फूट व्यासापर्यंत सरकवायचं. तेवढ्यात साधारण २८ चौरस फूट जागा होते, म्हणजे पिल्लामागे अर्ध्या चौरस फुटाहून थोडी जास्त. तिसऱ्या आठवड्यानंतर रिंगणच काढून टाकायचं आणि खोली मोकळी सोडायची, पण कोपऱ्यांत पुठ्ठा गोल वाकवून उभा करायला विसरू नका.

मी पुठ्ठ्याचं रिंगणही वापरलंय. स्वस्त पडतं. पण पाणी सांडलं की लिबलिबीत होतं आणि बल्बजवळ ते नकोच. पत्र्याचं एकदा केलेलं रिंगण कितीतरी बॅच टिकतं.

खालची गादी

शहाबादी फरशी थंडीत बर्फासारखी असते. वरून कितीही ऊब दिली तरी खालून पाय गार राहतात. म्हणून आधी कोरडे गोणपाट दुहेरी अंथरा आणि त्यावर भाताचं तूस दोन ते अडीच इंच. आम्ही घोटीच्या गिरणीतून पोती आणतो. तूस नसेल तर रंध्याचा जाडसर भुसा चालतो. करवतीचा बारीक भुसा नको. पिल्लं तो दाणा समजून खातात आणि धूळ नाकात जाते ती वेगळीच.

पहिले दोन दिवस तुसावर कागद घालतात, म्हणजे पिल्लं तूस न खाता दाणा ओळखायला शिकतात. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. गुळगुळीत वर्तमानपत्र ताणून अंथरतात. त्यावर पिल्लांचे पाय घसरतात, दोन्ही बाजूंना फाकतात आणि तसेच वाढतात. असं पिल्लू पुढे उभं राहू शकत नाही. कागद घालायचा तर खरबरीत तपकिरी घाला, किंवा वर्तमानपत्र चांगलं चुरगाळून मग पसरा. तिसऱ्या दिवशी काढून टाका.

घमेल्याचं छत्र

बाजारात पत्र्याची तयार छत्रं मिळतात, गॅसचे ब्रूडरही मिळतात. पन्नास पिल्लांसाठी एवढं लागत नाही. मी मोठं लोखंडी घमेलं वापरते, बांधकामावरचं, पण नवं. उलटं केलं की छत्र तयार. ऊब खाली परावर्तित होते आणि पिल्लांना आईच्या पोटाखाली असल्यासारखी सावलीही मिळते.

हे काम वायरमनकडून करून घ्या आणि करताना शेजारी उभं राहून पाहा.

घमेल्याच्या तळाला, म्हणजे उलटल्यावर जो वर येतो तिथे, सहा इंच अंतरावर दोन होल्डर बसवायचे. होल्डर चिनी मातीचे. प्लास्टिकचे किंवा बेकेलाइटचे साधे होल्डर सतत चालणाऱ्या बल्बच्या उष्णतेने ठिसूळ होतात, एखाद्या रात्री बल्बसकट सुटतात आणि खाली वाळलेलं तूस असतं. पुढचं सांगायला नको. होल्डरच्या आजूबाजूला चार भोकं पाडा, म्हणजे वर साचलेली गरम हवा निघून जाते आणि वायर भाजत नाही.

दोन बल्ब दोन वेगळ्या वायरींवर, दोन वेगळ्या प्लगवर. एकच मोठा बल्ब लावलात आणि तो रात्री दोनला उडाला तर सगळा खेळ खल्लास. दोन असले की एक गेला तरी सकाळपर्यंत निभावतं.

वायर तीन कोअरची घ्या, १ किंवा दीड चौरस मिलिमीटरची, आणि तिसरी हिरवी वायर घमेल्याला नट-बोल्टने घट्ट जोडा. हे लोक सर्रास गाळतात. लोखंडी घमेलं, ओलं हवामान, आणि आपण पाणी बदलायला ओल्या हाताने आत वाकलेलो. अर्थिंग नसेल तर एका सैल वायरीने आपलाच जीव जाईल. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर उत्तम, नसेल तर ब्रूडरच्या निमित्ताने बसवून घ्या. दोनशे वॅट म्हणजे एक अँपिअरही भरत नाही, त्यामुळे "लोड येईल" ही भीती फोल आहे. आग लागते ती ढिल्या जोडाने. म्हणून मध्ये कुठेही वायर तोडून चिकटपट्टी लावायची नाही. एक्स्टेन्शन बोर्ड रिंगणाच्या बाहेर, जमिनीपासून उंच, भिंतीला.

बल्बच्या खाली, घमेल्याच्या तोंडावर, अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी तारेने बांधा. बल्ब फुटला किंवा सुटला तर तो जाळीवर अडकतो.

आता टांगणी. घमेल्याच्या काठाला तीन भोकं, तीन साखळ्या, वर एक कडी, आणि तिथून एक साखळी आढ्याच्या पाइपाला. शिवाय एक जाड बाइंडिंग वायर वेगळ्या ठिकाणी बांधा, थोडी ढिली. साखळी सुटलीच तर घमेलं तुसावर न आदळता त्या वायरीला लोंबेल. विजेच्या वायरीवर घमेलं कधीच टांगू नका आणि सुतळीवर तर नाहीच, सुतळी उंदीर कुरतडतात. साखळीचा फायदा असा की एकेक कडी वर घेत उंची बदलता येते.

पहिल्या दिवशी घमेल्याचा काठ तुसापासून सव्वा फुटावर ठेवा. एक फुटाच्या खाली आणायचंच नाही. ऊब कमी पडते असं वाटलं तर आधी वारा कुठून येतो ते शोधा.

कोणता बल्ब

पोल्ट्रीतला ठोकताळा असा की थंडीत पिल्लामागे २ वॅट, उन्हाळ्यात १ वॅट. पन्नास पिल्लांना थंडीत १०० वॅट. मी १००-१०० चे दोन लावते कारण आमच्याकडची थंडी ठोकताळ्यात बसत नाही, आणि ऊब जास्त झाली तर एक बंद करता येतो.

हे सगळं तारेच्या जुन्या पिवळ्या बल्बचं गणित आहे. एलईडी लावून काही होणार नाही, त्यात वीज प्रकाशाला जाते, ऊब नावापुरती. जुने बल्ब आता दुकानात मागून घ्यावे लागतात, मिळाले की चार जास्त घेऊन ठेवा. इन्फ्रारेड बल्ब १५० किंवा २५० वॅटचे मिळतात. १५० चा ठीक. २५० चा पन्नास पिल्लांना फार होतो, आणि तो लावायचाच तर तूस, पुठ्ठा, पडदा, सगळं त्याच्यापासून निदान दीड फूट लांब हवं. सिरॅमिक हीटर हा तिसरा पर्याय. त्यात उजेड नसतो, त्यामुळे रात्री पिल्लं शांत झोपतात, पण बंद आहे की चालू ते नुसतं बघून कळत नाही. हात लावून बघायला गेलात तर भाजेल.

काही इन्फ्रारेड बल्बांवर काच फुटू नये म्हणून टेफ्लॉनचा थर असतो. तो तापला की त्यातून निघणारा वायू पक्ष्यांच्या फुप्फुसांना सहन होत नाही, कोंबड्या तासाभरात मरू शकतात. खोक्यावर तसं काही लिहिलंय का ते वाचा. ब्रूडर स्वयंपाकघराला लागून असेल तर नॉनस्टिक तवा रिकामा तापवत ठेवू नका, कारण तेच.

कोळशाच्या शेगडीबद्दल स्पष्टच लिहिते. जुन्या लोकांनी मडक्यात निखारे ठेवून पिल्लं जगवलीत, हे खरं. पण ती उघड्या ओसरीत. बंद खोलीत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. पिल्लं आधी जातात आणि त्यांना बघायला आत शिरून बसलेला माणूस नंतर.

थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून बल्ब आपोआप चालू-बंद करणारं यंत्र, लावावा का? इन्क्युबेटरवाले जो एसटीसी-१००० लावतात तो इथेही चालतो. त्याचा सेन्सर पिल्लाच्या उंचीवर, घमेल्याच्या काठाखाली बांधायचा. मात्र सेन्सर निसटून रिंगणाबाहेर पडला तर त्याला गार लागतं आणि बल्ब अखंड चालू राहतो. रिले, म्हणजे त्याच्या आतला स्विच, चिकटला तरी तेच. अशा वेळी पिल्लं वाचतात ती गार जागा सोडलेली असते म्हणून. यंत्र लावा, पण रिंगण लहान करू नका.

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशी

सगळं मांडून २४ तास आधी बल्ब चालू करा. हवा तासाभरात तापते, गादी नाही. तुसात हात खुपसून तळाशी ऊब लागते का बघा. टांगणीचा तोल, होल्डरचा वास, प्लग गरम होतो का, हे सगळं याच २४ तासांत कळतं. आमच्या एका प्लगला जळका वास आला तो असाच रिकाम्या ब्रूडरमध्ये आला, म्हणून हसत हसत बदलला.

थर्मामीटर डिजिटल घ्या, वायरवाला. त्याचं टोक घमेल्याच्या काठाच्या बरोबर खाली, तुसापासून दोन इंचांवर. मधोमध ठेवलंत तर आकडा फसवा जास्त येतो.

रिंगणावर झाकण म्हणून अर्ध्या इंचाची जाळी हवी. मोठ्या भोकाच्या कोंबडी-जाळीतून उंदीर सहज येतो आणि एका रात्रीत पाच-सहा पिल्लं ओढतो. घूस असेल तर ती खालून येते, म्हणून फरशीच्या फटी आधी सिमेंटने भरा. मांजराला पिल्लांइतकीच उबेचीही ओढ असते. ते घमेल्यावर जाऊन बसतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. खोलीचं दार बंद ठेवणं हाच उपाय. साखळीवरून मुंग्या उतरतात, वर आढ्याजवळ साखळीला हळद आणि तेलात बुडवलेली चिंधी बांधायची.

पहिला दिवस

पिल्लं शक्यतो सकाळी येतील असं ठरवा, म्हणजे पहिली रात्र यायच्या आत दिवसभर निरीक्षण होतं. खोकं रिंगणात ठेवून एकेक पिल्लू हातात घ्या. नाभी सुकलेली आहे ना, डोळे चमकदार आहेत ना बघा, चोच पाण्यात एकदा बुडवा आणि घमेल्याच्या काठाशी सोडा. मोजणीही होते.

आधी पाणी, दोन-तीन तासांनी दाणा. पाणी कोमट. प्रवास लांबचा असेल तर पहिल्या काही तासांपुरता लिटरभर पाण्यात दोन चमचे गूळ किंवा इलेक्ट्रोलाइट. गूळ जास्त घातला की हगवण लागते आणि भांडं चिकट होऊन मुंग्या येतात. भांडं उथळ हवं, कडेला गोटे टाका. भिजलेलं पिल्लू बल्बखाली ठेवलं तरी पुष्कळदा वाचत नाही. भांडी बल्बच्या अगदी खाली नकोत, पाणी तापतं आणि उडालेला थेंब तापलेल्या काचेवर पडला की बल्ब तडकतो. घमेल्याच्या काठापासून हातभर लांब, चार दिशांना चार ठेवा. दाण्याची ताटंही तशीच, पाण्याच्या मध्येमध्ये.

दाणा म्हणून पहिले काही तास मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरा, मग चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. त्यात प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास असतात, म्हणून घरचा ज्वारी-बाजरीचा चुरा त्याची जागा घेऊ शकत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लामागे रोज सरासरी १० ग्रॅम धरा, पन्नासांना अर्धा किलो.

रात्री झोपण्याआधी दहा पिल्लं उचला. गळ्याच्या खाली, उजव्या बाजूला अन्नाची पिशवी असते. बोटाने चाचपा, भिजवलेल्या साबुदाण्याच्या पुरचुंडीसारखी लागली पाहिजे. दहापैकी आठ भरलेली असली की झोपायला हरकत नाही. कडक लागली तर दाणा मिळालाय, पाणी नाही. रिकामी लागली तर बहुतेक गारठ्यामुळे ती उबेतून बाहेरच आलेली नाहीत.

आणि पाय. पिल्लाचे तळवे स्वतःच्या गालाला लावून बघा. गार लागले तर गादी गार आहे, थर्मामीटर काहीही म्हणो. ही युक्ती मला एका हॅचरीवाल्याने शिकवली आणि तेव्हापासून माझा थर्मामीटरवरचा विश्वास थोडा उडाला आहे.

पिल्लं काय सांगतात

रिंगणाच्या बाहेर पाच मिनिटं गप्प बसा. सगळी घमेल्याखाली एकमेकांवर चढत असतील आणि मोठ्याने, टोचल्यासारखी चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय. घमेलं दोन कड्या खाली घ्या. सगळी पत्र्याला चिकटून, चोच उघडी, पंख सोडलेले असतील तर उकडतंय, वर घ्या. एकाच बाजूला जमली असतील तर समोरून वारा येतोय किंवा त्या बाजूला उजेड जास्त आहे. इकडेतिकडे विखुरलेली, काही खाताहेत, काही पाय पसरून पडलीत, मधूनच हलकी कुजबुज, असं असेल तर कशालाही हात लावू नका. पाय पसरून पडलेलं पिल्लू बघून मी पहिल्यांदा घाबरले होते. मेलंय वाटलं. ते गाढ झोपलं होतं.

पहिल्या तीन रात्री मी दोनचा गजर लावते. पहाटे तीन ते पाच ही खरी परीक्षेची वेळ असते, झोपताना जमवून ठेवलेली ऊब तेव्हा कमी पडते.

लाईट गेली तर

जाणारच. इन्व्हर्टर असेल तर १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी दोनशे वॅटला साधारण पाच तास पुरते, एकच बल्ब ठेवला तर त्याच्या दुप्पट. टीव्ही-पंखा बंद ठेवायला घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

इन्व्हर्टर नसेल तर दोन लिटरच्या चार-पाच बाटल्यांत गरम पाणी भरा, उकळतं नव्हे, प्लास्टिक वाकडं होतं. हाताला चटका बसेल न बसेल असं. प्रत्येक बाटलीला जुना मोजा किंवा गोणपाटाचा तुकडा गुंडाळा, घमेल्याच्या जागी गोल मांडा आणि वर डालं उपडं घाला. डाल्यावर चादर अर्धीच टाका, अर्धं डालं उघडं. पाणी दर तास-सव्वा तासाने बदलायचं. मेणबत्ती, कंदील, स्टोव्ह यांतलं काहीही रिंगणात नेऊ नका.

पुढचे आठवडे

दर आठवड्याला घमेलं दोन-अडीच इंच वर. ओलं तूस रोज काढून कोरडं टाका, पाण्याच्या भांड्याखाली वीट ठेवली की सांडणं कमी होतं. ओली गादी आणि ऊब एकत्र आली की तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवण येते. विष्ठेत रक्त दिसलं, पिल्लं पंख पाडून बसली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला गाठा. पहिल्या आठवड्यात काहींच्या शेपटीखाली विष्ठा सुकून चिकटते, ती कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून सोडवा. ओढलीत तर कातडी निघते.

मरेक्स रोगाची लस हॅचरीतच दिलेली असते, पिल्लं घेताना विचारून घ्या. मानमोडी रोगाची लासोटा नावाची लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून, गंबोरो रोगाची चौदाव्या दिवसाच्या आसपास. लस देण्याच्या रात्री घमेलं एक कडी खाली घ्यावं, पिल्लं जरा मलूल असतात.

विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत हे सगळं उलटं. तिथे दिवसा ४० च्या वर पारा, म्हणजे बल्ब फक्त रात्री आणि तोही पहिले सात-आठ दिवस. कोकणात पावसाळ्यात ऊब सोपी पण गादी कोरडी ठेवणं अवघड, तूस तिप्पट लागतं.

पाच-सहाच पिल्लं असतील तर एवढा व्याप नको. मोठा प्लास्टिकचा टब घ्या, एका टोकाला घट्ट बांधलेल्या छत्रात ४० किंवा ६० चा एक बल्ब, काठापासून फूटभर लांब, दुसरं टोक गार. बटेर पाळणाऱ्यांसाठी एक सूचना: त्यांच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश लागतात आणि ती बाटलीच्या झाकणातही बुडतात. चिमणी, बुलबुल, पोपट यांचं पिल्लू सापडलं तर मात्र हा ब्रूडर त्यांच्यासाठी नाही. आई बहुधा जवळच असते, पिल्लू उंच फांदीवर ठेवून बाजूला व्हा. जखमी असेल तर वनविभागाला कळवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने असे रानपक्षी घरात पाळता येत नाहीत.

लहान मुलं पिल्लांना गालाशी धरतात, पापे घेतात. पिल्लांत साल्मोनेला नावाचा जंतू असतो, साबणाने हात धुवून घ्या. (गालाला पाय लावायची युक्ती मी वर सांगितली आहे, ती करून झाल्यावर तोंडही.)

बल्ब कधी काढायचा

चौथ्या आठवड्याच्या शेवटी पंखांवर आणि पाठीवर पूर्ण पिसं आली असतील तर आधी दिवसा बंद करा. दोन दिवस तसं चाललं की रात्री एक बल्ब, मग तोही नाही. कडाक्याच्या थंडीत पाचवा आठवडा जाऊ द्या. बल्बशिवायच्या पहिल्या रात्री पिल्लं पुन्हा एकत्र येतात, सवयीने, घमेलं होतं त्याच जागी. त्या रात्री एक फेरी मारून ढीग झाला असेल तर हाताने पसरवा. दोन-तीन रात्रींत आपोआप सुटी बसायला लागतात, आणि एखादं आगाऊ पोर कोपऱ्यातल्या पुठ्ठ्यावर चढून बसलेलं दिसतं. तेव्हा खुराड्यात हलवायला हरकत नाही.

बॅच हलली की तूस खड्ड्यात टाका, कुजलं की द्राक्षाला उत्तम. फरशी धुऊन चुन्याचा हात मारा, पत्रा दोन दिवस उन्हात उभा ठेवा. बल्ब काढून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा. घमेलं उतरवाल तेव्हा होल्डरचे स्क्रू आणि अर्थिंगचा बोल्ट तिथल्या तिथे आवळून घ्या, कारण पुढची पिल्लं येतील तेव्हा गडबडीत ते कोणीही बघत नाही. आमचं घमेलं आता कोठीच्या भिंतीला उलटं टांगलेलं असतं आणि सासूबाई त्याला "म्हातारी कोंबडी" म्हणतात.